यूकेहून तिबिलिसीला सरोगसीसाठी निघतोय, तिकीट काढायच्या आधी काय काय बघून घ्यावं?

मीरा_एमके

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलचक होणार आहे तेव्हा सांभाळून घ्या.

मी ३८, नवरा ४१. मूळचे नाशिकचे, आता बरीच वर्षं मिल्टन कीन्सला आहोत. अॅडेनोमायोसिसचा (गर्भाशयाच्या भिंतीचा आजार) त्रास इतका वाढला की शेवटी माझी पिशवी काढावी लागली. ओव्हरीज ठेवल्यात आणि एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट) वयाच्या मानाने बरा आहे असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे बीज माझं, स्पर्म नवऱ्याचं, फक्त बाळ वाढायला जागा नाही. असं लिहिताना सोपं वाटतं.

इथे यूकेमध्ये सरोगसी चालते पण पैसे देऊन नाही, खर्च तेवढा द्यायचा, आणि स्वतःहून जाहिरात पण करता येत नाही की बाई आम्हाला सरोगेट हवीय. एका संस्थेकडे नाव घालून ठेवलंय पण इच्छुक जोडपी ढीगभर आणि सरोगेट मोजक्या. भारतात माझी सख्खी बहीण तयार आहे, तिला दोन मुलं आहेत, ती तर म्हणते ताई तू फक्त ये. पण तिला नुकतीच ३६ वर्षं पूर्ण झालीत आणि कुणीतरी सांगितलं की तिथे वयाची अट आहे. अमेरिकेचे आकडे ऐकून लॅपटॉप बंद केला. मग फिरत फिरत जॉर्जियावर आलो. देश जॉर्जिया, अमेरिकेतलं राज्य नाही, हे आईला फोनवर तीनदा सांगावं लागलं.

पहिली फेरी पुढच्या महिन्यात करायची म्हणतोय. टेस्ट, करार, एग कलेक्शन सगळं त्याच फेरीत. एजन्सीची बाई फार गोड बोलते, म्हणते बर्थ सर्टिफिकेटवर डायरेक्ट तुमची दोघांची नावं लागतात, सरोगेटचं नाव कुठेच येत नाही, बाळ घ्या आणि घरी जा. इतकं सोपं असतं का?

नवऱ्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्याचं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे. माझा पासपोर्ट अजून भारतीयच, आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) आहे. याने काही फरक पडतो का? आणि पिशवी काढलेली असताना एग कलेक्शन कसं करतात, पाळीच नाही तर इंजेक्शनं कधी सुरू करायची, हे इथल्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) विचारलं तर तो माझ्याकडेच बघत बसला.

अजून एक, हसू नका. सासूबाईंना सांगायचं का? कधी? त्या कट्टर वगैरे नाहीत पण सगळ्या सिन्नर तालुक्याला कळेल.

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा. ज्यांनी केलं नाही पण माहितीये त्यांनीपण.

---

रश्मी_क्रॉयडन

मीरा, आम्ही केलंय. तिबिलिसीलाच. लेक आता नर्सरीत जाते आणि रोज कुणाला तरी चावून येते, तेव्हा होतं सगळं, आधी एवढं लक्षात ठेव.

आधी मेडिकलचं सांगते कारण हे कुणी धड सांगत नाही. पिशवी नसली तरी ओव्हरीज आपलं काम करतच असतात, फक्त पाळी दिसत नाही. त्यामुळे रक्ताच्या तपासण्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन वगैरे, आणि स्कॅन करून तू सायकलच्या कुठल्या टप्प्यावर आहेस ते काढतात आणि मग इंजेक्शनं सुरू करतात. साधारण दहा ते बारा दिवस इंजेक्शनं, मधेमधे स्कॅन, मग ट्रिगर (बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन), मग कलेक्शन. तिकिटाच्या तारखा पाळीवरून ठरवता येत नाहीत, म्हणून बदलता येईल असंच तिकीट घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरं, पिशवी काढल्यावर कधीकधी ओव्हरीज वर सरकतात आणि खालून सुई पोचत नाही, मग पोटातून घ्यावं लागतं. माझ्या मैत्रिणीचं तसं झालं. त्यामुळे निघायच्या आधी इथेच एक चांगला स्कॅन करून घे, रिपोर्ट आणि ऑपरेशनची समरी तिकडच्या डॉक्टरला पाठव आणि सरळ विचार की तुम्ही अशा पेशंटचं किती वेळा केलंय. गोड बोलणाऱ्या बाईला विचारू नकोस, डॉक्टरलाच विचार. काही लोक इथल्या क्लिनिकमध्ये मॉनिटरिंग करून शेवटच्या टप्प्याला फक्त तिकडे जातात, सुट्टी कमी असेल तर तो मार्ग बरा, पण मग इंजेक्शनं थंड पिशवीत, प्रिस्क्रिप्शन सोबत, हँडबॅगेतच. आणि कलेक्शननंतर लगेच दुसऱ्या दिवशी विमानात बसू नकोस, पोट फुगून ओएचएसएस (इंजेक्शनांमुळे ओव्हरीज जास्त सुजणं) झालं तर विमानात फार हाल होतात.

एम्ब्रिओ (लॅबमधले गर्भ) झाले की पाचव्या दिवशी फ्रीज करतात, टेस्टिंग करायचं असेल तर तेव्हाच सॅम्पल काढतात. तुझी पहिली फेरी इथे संपते. पुढे सरोगेटची तयारी करून ट्रान्सफर (एम्ब्रिओ तिच्या पिशवीत ठेवणं) होतो तेव्हा तुम्ही तिथे असायलाच हवं असं नाही.

कागद: लग्नाचं सर्टिफिकेट लागतं, कारण तिथल्या कायद्याने लग्न झालेलं किंवा निदान वर्षभर एकत्र राहणारं स्त्री-पुरुष जोडपंच चालतं. आपलं सर्टिफिकेट महानगरपालिकेचं असेल तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) भारतातून करून आणावं लागतं, इथून होत नाही, म्हणजे नाशिकला कुणाला तरी पळवावं लागेल. आणि नावं! आपल्या नावांनी तिकडचे नोटरी वेडे होतात. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, डिग्रीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नाच्या सर्टिफिकेटवर दोन्ही. हे सगळं जॉर्जियन लिपीत जाणार आणि तिथून परत इंग्रजीत येणार, तेव्हा करारात, पॉवर ऑफ अॅटर्नीत आणि पुढे बर्थ सर्टिफिकेटवर स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे का ते एकेक अक्षर तपासा.

आता "बाळ घ्या आणि घरी जा" याबद्दल. सर्टिफिकेट खरंच पटकन मिळतं, नदीकाठी ती मशरूमसारख्या छपरांची सरकारी इमारत आहे तिथे. पण बाळाला ब्रिटिश पासपोर्ट मिळेपर्यंत तुम्ही तिबिलिसीत. हे काही आठवड्यांत झालं तर नशीब, महिने लागलेले लोक आम्हाला तिथेच भेटले. एकाने घरून काम करायची परवानगी, दुसऱ्याने सुट्टी, भाड्याचा फ्लॅट, हे सगळं आधीच धरून चला. सुट्टीचं मात्र इथे चांगलं आहे, पॅरेंटल ऑर्डरसाठी (तुम्हाला कायद्याने आईबाप ठरवणारा कोर्टाचा आदेश) अर्ज करणार असाल तर दोघांपैकी एकाला अॅडॉप्शन लीव्ह मिळते, ५२ आठवड्यांपर्यंत, त्यातले ३९ आठवडे पे मिळू शकतो. ड्यू डेटच्या १५ आठवडे आधी ऑफिसला कळवायचं असतं. एचआरला बहुतेक हे माहीतच नसतं, तूच लिंक पाठव.

---

कोर्टकचेरी

मी फॅमिली लॉच्या ऑफिसात काम करतो, सल्ला तुमच्या सॉलिसिटरकडूनच घ्या, पण हा धागा बघून राहवलं नाही.

मीराताई, ती एजन्सीवाली बाई खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धं बोलतेय. जॉर्जियाच्या कायद्याने पहिल्या दिवसापासून तुम्ही आईबाप. १९९७ पासून तसंच आहे तिथे. पण इंग्लंडच्या कायद्याने जिच्या पोटी बाळ जन्मलं ती आई. बीज कुणाचं, सर्टिफिकेटवर नाव कुणाचं, जन्म कुठल्या देशात, कशानेही फरक पडत नाही. आणि ती बाई लग्न झालेली असेल तर तिचा नवरा बाप, त्याने संमती दिली नव्हती असं दाखवता आलं तरच सुटका. तुमचे मिस्टर जेनेटिक वडील असले तरी.

हे नुसतं पुस्तकी नाहीये. २००८ मध्ये हाय कोर्टात एक केस आली होती, ब्रिटिश जोडपं, युक्रेनमधली सरोगेट, आणि ती विवाहित. युक्रेन म्हणालं ही मुलं ब्रिटिश जोडप्याची, आमची नाहीत. इंग्लंड म्हणालं ही मुलं त्या बाईची आणि तिच्या नवऱ्याची, आमची नाहीत. जुळी होती. दोन्ही देशांच्या मधे ती मुलं लटकली, ना आईबाप ना देश. शेवटी कोर्टाने मार्ग काढला पण तोवर त्या लोकांचं काय झालं असेल विचार करा.

म्हणून तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठा प्रश्न, सरोगेट अविवाहित किंवा घटस्फोटित किंवा विधवा आहे का, आणि तसा पक्का सरकारी कागद आहे का. ती सिंगल असेल तर तुमचे मिस्टर कायद्याने वडील धरले जाऊ शकतात, आणि त्यांनी इथे नॅचरलायझेशनने नागरिकत्व घेतलंय म्हणजे ते पुढे मुलाला देता येतं, बाळ जन्मतः ब्रिटिश. डीएनए टेस्टची तयारी ठेवा. सरोगेट विवाहित असेल तर बाळ आपोआप ब्रिटिश नाही, मग होम ऑफिसकडे (इथल्या गृहखात्याकडे) रजिस्ट्रेशनचा अर्ज करायचा आणि ते त्यांच्या मर्जीवर, आणि वेळ वेगळा. तुमच्या आयएलआरचा बाळाच्या नागरिकत्वाला इथे उपयोग नाही कारण बाळ यूकेबाहेर जन्मणार. सगळा भार मिस्टरांच्या पासपोर्टवर.

पण पासपोर्ट मिळाला म्हणजे संपलं असं नाही. बाळ घरी आणल्यावर पॅरेंटल ऑर्डर घ्यावीच लागते, तोवर तुम्ही, मीराताई, कायद्याने त्या बाळाच्या कुणीही नाही. अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, सी ५१ नावाचा फॉर्म. कोर्टाने उशिराचे अर्जही घेतलेत पण त्याच्या भरवशावर राहू नका. दोघांपैकी एकाचं जेनेटिक नातं हवं, बाळ तुमच्याकडे राहत असलं पाहिजे, आणि दोघांपैकी निदान एकाचं डोमिसाइल यूकेतलं हवं.

इथे आपली मंडळी अडकतात. डोमिसाइल म्हणजे पासपोर्ट नव्हे आणि राहण्याचा पत्ताही नव्हे. जन्मतः ते वडिलांकडून येतं, म्हणजे तुमचं दोघांचं भारत. ते बदलायचं तर इथे राहत असून इथेच कायमचं राहायचा इरादा आहे हे दाखवावं लागतं. आता तुम्ही स्टेटमेंटमध्ये लिहिणार की आम्ही इथेच स्थायिक, आणि दुसरीकडे नाशिकला गंगापूर रोडला बंगल्याचा प्लॉट घेतलेला, आणि चारचौघांत "रिटायर झालो की परत जाणार" हे पालुपद. कोर्ट विचारतं असलं. २००७ मध्ये एका तुर्की जोडप्याला डोमिसाइल नाही म्हणून ऑर्डर मिळाली नव्हती. प्लॉट विका असं म्हणत नाहीये, पण पहिल्या फेरीच्या आधी सॉलिसिटरबरोबर यावर बसा, बाळ झाल्यावर नाही.

पैशांचं: कायद्यात "वाजवी खर्च" एवढंच बसतं, जॉर्जियात त्याहून जास्त दिलं जातं हे कोर्टाला माहीत असतं, बाळाच्या हिताचा विचार करून ते नंतर मंजूर करतं. पण दडवलेलं चालत नाही. करार, पावत्या, बँकेची एंट्री, सगळं ठेवा. रोख तर बिलकुल देऊ नका.

आणि सरोगेटची संमती. ती बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावरच धरली जाते, त्याआधी सही घेतली तर तिला किंमत नाही. म्हणजे बाळंतपणानंतर दीडएक महिन्याने ती बाई सापडली पाहिजे, राजी पाहिजे, आणि तिला तो कागद कळला पाहिजे. २०१२ मध्ये इथल्या कोर्टात एक केस झाली, सरोगेट हैदराबादची, जुळी मुलं झाली आणि नंतर ती बाई सापडेचना, क्लिनिक मदत करेना. कोर्टाने खूप शोधाशोध केल्याचे पुरावे बघून संमतीची अट माफ केली. दरवेळी करतील असं समजू नका. करार करतानाच लिहून घ्या की सहा आठवड्यांनंतर तिला भेटवणं, दुभाष्या देणं हे एजन्सीचं काम, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच.

---

अनघा_मिडवाइफ

मी थोडं वेगळं बोलणार आहे, मीरा राग मानू नकोस.

वरती सगळे त्या बाईच्या सहीबद्दल बोलतायत, मला त्या बाईबद्दल बोलायचंय. तिबिलिसीतल्या बऱ्याच सरोगेट जॉर्जियन नसतातच, कझाकस्तान, किरगिझस्तान अशा देशांतून आणलेल्या असतात. घर लांब, मुलं तिकडे आजीकडे, भाषा वेगळी. आपल्याकडे गुजरातेत आणंदला काय वेगळं चालायचं? हॉस्टेलात नऊ महिने, आणि परदेशी जोडपी येऊन बाळं नेत होती, २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी दार बंद झालं. तोच धंदा आधी एका देशात, तिथे बंद पडला की दुसऱ्या देशात. नेपाळ, थायलंड, कंबोडिया, सगळीकडे तसंच झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत, थायलंडच्या बायकांनी पुढे येऊन सांगितलं की सरोगसीच्या नोकरीचं आमिष दाखवून त्यांना जॉर्जियात नेलं आणि तिथे एका घरात ठेवून त्यांची बीजं काढली. सगळ्याच एजन्सीज तशा असं मी म्हणत नाहीये. पण गोड बोलणाऱ्या बाईला हे प्रश्न विचारायचे आणि उत्तर टाळलं तर उठून यायचं.

ती कुठली आहे, कुठे राहणार, तिची मुलं कुठे. करार तिच्या भाषेत आहे का आणि तिच्या बाजूचा वकील वेगळा आहे का, की तुमचाच. गर्भपात झाला, किंवा सातव्या महिन्यात ब्लीडिंग झालं, किंवा तिची पिशवी काढायची वेळ आली (तुला तर माहितीये ते काय असतं) तर तिला काय मिळणार. सिझेरियन कोण ठरवणार. व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलता येईल का, एजन्सीची माणसं बाजूला न बसता.

आणि एम्ब्रिओ एकच टाकायचा. "एकाच खर्चात जुळी" असं काही जण सुचवतील. मी रोज वॉर्डात जुळी बघते, मुदतीआधी बाळंतपण, बीपी, बाळं काचेच्या पेटीत. तिबिलिसीत एनआयसीयूचं बिल तुम्ही भरणार आणि धोका ती घेणार. एकच.

---

देवदत्त७७

एवढा आटापिटा करण्यापेक्षा एखाद्या अनाथ बाळाला घर द्या की. पुण्य लागेल.

---

मीरा_एमके

देवदत्तजी, दत्तकचा विचार आम्ही केलाय, फॉर्मपर्यंत गेलोय, का थांबलो ते इथे लिहिणार नाही. पुढे.

अनघा, राग नाही. खरं सांगायचं तर हे प्रश्न मनात होते पण विचारायला लाज वाटत होती, की आपण पैसे देतोय आणि वर चौकशी काय करायची. आता यादी करून विचारते. सरोगेटचा लग्नाचा स्टेटस काल विचारला तर म्हणाल्या "डोंट वरी, वी विल मॅनेज". मॅनेज म्हणजे काय मॅनेज? घटस्फोटाचा कागद आधी दाखवा, मग अॅडव्हान्स, असं नवऱ्याने मेल टाकलंय.

कोर्टकचेरी, गंगापूर रोडला प्लॉट आहे हे तुम्हाला कसं कळलं?? 😅 सॉलिसिटरची अपॉइंटमेंट घेतली. मग फेरी पुढे ढकलावी लागली तरी चालेल असं ठरलं.

पण एक विचारते, दोनतीन ठिकाणी वाचलं की जॉर्जिया परदेशी लोकांना बंद करणार आहे. मधेच बंद झालं तर? आणि बहिणीचं खरंच जमणार नाही का, ती रोज विचारतेय.

---

कोर्टकचेरी

सगळ्या नाशिककरांचा तिथेच असतो 😄

जॉर्जियाचं: जून २०२३ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की १ जानेवारी २०२४ पासून परदेशी जोडप्यांना बंदी. ती तारीख उलटून गेली, विधेयक पुढे सरकलं नाही, क्लिनिक्स चालूच राहिली. पण टांगती तलवार आहेच. करारात स्पष्ट लिहून घ्या की कायदा बदलला तर फ्रीज केलेले एम्ब्रिओ बाहेर न्यायची परवानगी आणि व्यवस्था कोण करणार, आणि भरलेल्यातले किती परत. गर्भ राहिल्यानंतर बदलला तर काय, हेही विचारा. आजवर कुठेही बंदी आली की अडकतात ती मधली जोडपी आणि मधल्या सरोगेट.

बहिणीचं उत्तर खाली कुणी देईल का, मला आता कोर्टात पळायचंय.

---

गोदाकाठची_मावशी

मी देते, कारण आमच्या भाचीसाठी हेच सगळं पालथं घातलंय.

भारतात सरोगसीचा कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. पैसे घेऊन सरोगसी बंद, फक्त उपचाराचा खर्च आणि विमा, तो विमा ३६ महिन्यांचा. तसं बघितलं तर तुमचा नवरा ओसीआय असला तरी भारतीय वंशाच्या जोडप्याला सरोगसी मंडळाचं शिफारसपत्र घेऊन करता येतं, दार बंद नाहीये. पण सरोगेट लग्न झालेली, किंवा झालेलं असून आता नसलेली, स्वतःचं मूल असलेली आणि वय २५ ते ३५. तेही एम्ब्रिओ ठेवायच्या दिवशीचं वय बघतात. तुझी बहीण ३६ ची, संपला विषय. वाईट वाटतं गं, एवढी मायेने तयार झालेली पोर. पण कुणी "वय अॅडजस्ट करू" म्हणालं तर दोन हात लांब राहा. पैसे देऊन सरोगसी करणाऱ्या जोडप्याला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, आणि असले लोक आधी वय अॅडजस्ट करतात आणि मग पैसे मागतात.

कुणी दुसरी, चुलत मावस, ३५ च्या आतली तयार असेल तर बघा, पूर्वी जवळची नातेवाईकच हवी अशी चर्चा होती, अंतिम कायद्यात "स्वेच्छेने तयार असलेली बाई" आहे. मात्र जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर, बरंच आहे. आणि वर त्या कोर्टकचेरींनी सांगितलं तसं, नाशिकला झालं तरी तुमचं इंग्लंड म्हणणार की आई ती, आणि बाप तिचा नवरा. म्हणजे पुन्हा तीच पॅरेंटल ऑर्डर आणि बाळाच्या पासपोर्टची लांबची वाट. इथून सुटका नाही.

बहिणीला इंग्लंडला बोलवून तिथे करायचा विचार मनात आला असेल तर व्हिसाचा सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. व्हिजिटर म्हणून यायचं आणि नऊ महिने राहायचं हे व्हिसा ऑफिसरला कुठल्या तोंडाने सांगणार?

आता सासूबाई. सांग. लपवून काय करणार, पोट दिसणार नाही आणि अचानक बाळ, मग सिन्नर तालुका काय काय गोष्टी रचेल त्यापेक्षा खरी गोष्ट बरी. आमच्याकडे भाचीच्या सासूला वाटलं की त्या बाईचं आणि मुलाचं काहीतरी, म्हणजे समजलीस ना. तिला कागदावर चित्र काढून दाखवावं लागलं की बीज सुनेचं, मुलाचं, लॅबमध्ये गर्भ तयार केला आणि मग ठेवला, कुणी कुणाला हात लावलेला नाही. त्यानंतर तिचा एकच प्रश्न, "मग डिंकाचे लाडू कोणाला पाठवायचे, सुनेला का त्या बाईला?" आम्ही म्हटलं दोघींना. मात्र कधी सांगायचं म्हणशील तर ट्रान्सफरच्या आधी नको. तीन महिने नीट गेले की सांग. पहिल्या वेळी लागेलच असं नसतं, आणि प्रत्येक वेळी फोनवर "काय झालं गं" ऐकायची ताकद आपल्यात नसते. आणि सांगायचं काम नवऱ्याने करायचं, तू नाही. त्याची आई आहे.

---

रश्मी_क्रॉयडन

मावशी शंभर टक्के. मी स्वतः सांगायला गेले होते आणि तासभर रडारड झाली, मग नवऱ्याने दहा मिनिटांत निपटवलं.

मीरा, वर राहिलं होतं, तुझ्या भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाचा ई-व्हिसा लागेल का असं तू मला मेसेजमध्ये विचारलंस, इथेच लिहिते म्हणजे सगळ्यांना उपयोग. यूकेचा रेसिडेन्स असेल तर भारतीय पासपोर्टवरही व्हिसाशिवाय जाता येतं, १८० दिवसांत ९० दिवस. नवऱ्याला ब्रिटिश पासपोर्टवर वर्षभर. आता तुझे ९० दिवस डोक्यात ठेव, कारण बाळाच्या वेळी पासपोर्टची वाट बघताना तेच संपत येतात आणि नवरा आरामात बसलेला असतो. निघायच्या आधी नियम त्यांच्या सरकारी साइटवर एकदा बघून घे.

---

तिबिलिसीचा_डॉक्टर_होणार

मी इथे एमबीबीएसला आहे (लातूर), धागा बहिणीने पाठवला. सरोगसीतलं मला परीक्षेपुरतंच कळतं पण राहण्याखाण्याचं विचारा.

साबुरतालोकडे फ्लॅट बघा, दवाखाने जवळ आणि आपली पोरं भरपूर, डबे मिळतात, पोळीभाजी मिळते. जुन्या गावात रुस्तावेली रोडच्या खाली फोटो छान येतात पण चढउतार आणि दगडी रस्ते, कलेक्शननंतर ताईंना त्रास होईल. व्हेज असाल तर खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी, लोबिओ म्हणजे राजमाच समजा, आणि वांग्याच्या अक्रोड घातलेल्या गुंडाळ्या. कोथिंबीर हे लोक सगळ्यात घालतात त्यामुळे घरचं वाटतं. तूरडाळ आणि गोडा मसाला मात्र घेऊन या, इथल्या इंडियन दुकानात डाळ मिळते पण भाव ऐकून पोट भरतं.

आणि ताई, दुभाष्या एजन्सीचा घेऊ नका. आमच्या कॉलेजमधल्या सिनियर मुली रशियन आणि जॉर्जियन दोन्ही बोलतात, तासावर येतात. त्या सरोगेटशी बोलायचं असेल तर त्यातली एक घेऊन जा. कधी येताय ते कळवा, विचारून ठेवतो.

---

मीरा_एमके

अरे वा, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. तुला मेसेज केलाय.

अपडेट: एजन्सीने घटस्फोटाचा कागद पाठवला नाही, त्याऐवजी दुसऱ्या सरोगेटची प्रोफाइल पाठवली, हिच्याबद्दलपण तेच "डोंट वरी". आम्ही अॅडव्हान्स दिलेला नाही. रश्मीने सांगितलेल्या दोन क्लिनिक्सना डायरेक्ट मेल केलाय, सॉलिसिटर गुरुवारी आहे, स्कॅन त्याच्या पुढच्या आठवड्यात. लग्नाच्या सर्टिफिकेटच्या अपोस्टिलसाठी दिराला कामाला लावलंय, त्याला अजून कशासाठी ते सांगितलेलं नाही, तो समजतोय आम्ही युरोप टूर करतोय.